रिकामा रस्ता आणि विसोबांचा प्रश्न

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाला ज्या गावाचे नाव मिळाले ते सिद्धेश्वर हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात आहे. नागनाथाचे ज्योतिर्लिंग त्याच तालुक्यात, नर्सी नामदेव त्याच जिल्ह्यात. या मुलखातल्या रस्त्यांविषयी एक प्रश्न मला पडतो, आणि तो वाहतुकीच्या नियमांइतकाच धर्माचाही आहे असे माझे मत आहे. गावाकडचा अरुंद रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, तोंडाशी लाल अष्टकोनी पाटी उभी आहे, तिच्यावर ‘थांबा’ लिहिले आहे. दुपारची वेळ, ऊन कडक. पोलीस नाही, कॅमेरा नाही, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर वाहन नाही. अशा वेळी मोटारसायकलवाल्याने, जीपवाल्याने, शाळेतून परतणाऱ्या सायकलवरच्या मुलीने तिथे थांबायचे का? आपल्याकडे बहुतेक जण थांबत नाहीत, हे कोणत्याही फाट्यावर पाच मिनिटे उभे राहिले की कळते. गिअर एकाने खाली येतो, मान जराशी वळते, आणि चाक पूर्ण न थांबताच मोठ्या रस्त्यावर चढते. विचारले तर उत्तर एकच: ‘कोणी नव्हतंच ना.’ हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सगळा वाद त्याच्यातच आहे. कोणी नव्हते, हे त्याला कसे कळले?

कायद्याचे म्हणणे आधी नोंदवून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ११९ वाहतुकीच्या चिन्हांचे पालन चालकावर बंधनकारक करते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, थांबण्याची पाटी न जुमानणे हा प्रकार लाल सिग्नल तोडण्याच्या शेजारी नाव घेऊन घातला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कडक आहे, तरी फाट्यावरचे दृश्य बदललेले नाही. गावागावाच्या तोंडाशी हवालदार उभा करता येणार नाही, आणि हे चालकाला पक्के ठाऊक असते. तेव्हा जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे माणसाला थांबवणारे काही आहे का, आणि असेल तर ते कशावर उभे आहे, एवढाच प्रश्न इथे घेतो.

‘कोणी नव्हतं’ या वाक्याची परीक्षा घेऊ. दोन वाहने एकाच वेळी एकाच फाट्याकडे निघाली आहेत, एक गावरस्त्याने, दुसरे मोठ्या रस्त्याने. दोघांचा वेग कायम आहे आणि दोघे एकाच क्षणी त्या ठिकाणी पोचणार आहेत. अशा वेळी एक विचित्र गोष्ट घडते. पहिल्या चालकाच्या नजरेत दुसऱ्या वाहनाची दिशा शेवटपर्यंत बदलत नाही. ते डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही. एकाच कोनात थिजल्यासारखे राहते आणि फक्त हळूहळू मोठे होत जाते. माणसाचा डोळा हलणारी वस्तू पटकन टिपतो, स्थिर दिसणारी वस्तू त्याच्यातून निसटते. त्यातून जीपची किंवा कारची पुढची काच ज्या खांबाने धरून ठेवलेली असते, तो खांब नेमका त्या कोनात आला, तर त्याच्याआड एक अख्खी मोटारसायकल झाकली जाते आणि टक्कर होईपर्यंत झाकलेलीच राहते. चालकाने खरोखर मान वळवून पाहिलेले असते. तो खोटे बोलत नाही. त्याला कोणी दिसले नाही हे खरेच आहे. पण ज्या क्षणी तो ब्रेक दाबून पूर्ण थांबतो, त्या क्षणी हिशेब बदलतो. त्याची गाडी थांबली, दुसरी चालू राहिली, कोन बदलला, आणि खांबाआडचे वाहन बाहेर सरकले. आता ते दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते, म्हणजे तीन सेकंद थांबणाऱ्याला सुमारे पन्नास मीटर लांबीचा रस्ता नव्याने उलगडलेला दिसतो. चालती गाडी फाट्यावर चढवणाऱ्याला यातले काही मिळत नाही.

याचा अर्थ असा की रस्ता रिकामा आहे हे ज्ञान थांबण्याच्या आधी माणसाजवळ नसते, ते थांबल्यानंतर मिळते. आपण क्रम उलटा धरून बसलो आहोत. आधी पाहायचे, कोणी दिसले तर थांबायचे, असे आपण म्हणतो. पाटी सांगते, आधी थांबा, म्हणजे कोणी आहे का ते दिसेल. ‘कोणी नसताना का थांबू’ हा प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधीच गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत धरण्याचा अधिकार त्याला अजून मिळालेला नसतो.

इथे औंढ्याची जुनी कथा आठवते. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, मग गुरूच्या शोधात नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांना ते सहन झाले नाही. विसोबा म्हणाले, माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले तर तिथे पिंडी, आणखी बाजूला ठेवले तर तिथेही पिंडी. हा चमत्कार झाला की नाही, या वादात मला पडायचे नाही. विसोबांचा प्रश्न ज्ञानाचा आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. अमुक जागा मोकळी आहे, असे तू कशाच्या आधारावर म्हणतोस? नामदेवांनी जागा मोकळी धरली होती कारण त्यांना देवाला एकाच ठिकाणी पाहायची सवय होती. चालकाने रस्ता मोकळा धरला कारण त्याला मोठ्या, आवाज करणाऱ्या, हलणाऱ्या वस्तूच पाहायची सवय आहे. दोघांचीही चूक नजरेच्या सवयीत आहे, आणि दोघांनाही ती थांबल्यावर कळते.

औंढा तालुक्यातच शिरड शहापूर आहे, तिथे मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. जैन मुनींच्या आचारात ईर्या समिती म्हणून एक नियम आहे: चालताना चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकायचे, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. या नियमाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. मुनी आधी मुंगी दिसते का ते पाहून मग सावकाश चालत नाही. मुंगी दिसावी म्हणून तो सावकाश चालतो. दिसले नाही ही सबब या आचारात चालत नाही, कारण दिसेल इतक्या वेगाने चालणे हीच जबाबदारी मानलेली आहे. बुद्धांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना जो अप्रमादाचा उपदेश केला तोही मला याच जातीचा वाटतो. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे, गाफीलपणा. फाट्यावर न थांबणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या हातून जे घडते ते गाफीलपणाने घडते, आणि आपल्या धर्मपरंपरांनी गाफीलपणाला दोषातून वगळलेले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. देव सगळीकडे आहे म्हणून थांबा, असे म्हटले तर देवाला आभाळातला हवालदार केल्यासारखे होत नाही का? पोलिसाच्या जागी कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या जागी देव, यात भीती तीच राहते, फक्त पहारा वाढतो. आक्षेप खरा आहे आणि अशा भीतीवर उभा राहिलेला धर्म मलाही नको आहे. पण विसोबांनी नामदेवांना देव तुझ्यावर नजर ठेवून आहे असे सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते असे की ज्याला तू रिकामे म्हणतोस तिथेही कोणीतरी आहे. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. पहिलीत माझे लक्ष माझ्यावर असते, मी पकडला जाईन का यावर. दुसरीत लक्ष समोरच्यावर असते, खांबाआडच्या मोटारसायकलवर, तिच्यावर मागे बसलेल्या बाईवर, तिच्या मांडीवरच्या मुलावर. प्लेटोने अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगून विचारले होते की कोणी पाहत नसताना माणूस न्यायाने का वागेल. फाट्याचा प्रश्न त्याहून थोडा वेगळा आहे. इथे अंगठी समोरच्याच्या बोटात आहे. मी अदृश्य नाही, तो मला अदृश्य आहे, आणि अदृश्य असला तरी तो खरा आहे.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो आणि तो धर्माच्याच भाषेत येतो: ज्याची वेळ आली तो जाणारच, थांबला तरी आणि नाही थांबला तरी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि दहातले सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. मरणाची वेळ अशी वेगाच्या मागोमाग येत असेल तर तिला नशिबावर ढकलून हात झटकता येत नाहीत. शिवाय कर्मसिद्धांत मानणाऱ्याने तो पुरता मानावा. आपल्या परंपरेने संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले आहेत. प्रारब्धाची सबब मी माझ्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल देऊ शकतो. माझ्या हातात आत्ता असलेला ब्रेक हे क्रियमाण आहे, त्याचे बी मी आत्ता पेरतो आहे. दुसऱ्याच्या मरणाला त्याचे प्रारब्ध म्हणून माझा ब्रेक सुटत नाही. प्रारब्धाचा आधार घेऊन स्वतःच्या कर्माची जबाबदारी टाळणे ही त्या सिद्धांताची मोडतोड आहे, आणि ती कीर्तनकारांनी व प्रवचनकारांनी उघडपणे सांगायला हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. संतांनी नियम मोडले. विसोबांनी पिंडीवर पाय ठेवला. औंढ्याच्या देवळात नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जायला सांगितले तेव्हा देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. नंदी समोर नसून मागे का, याचे उत्तर भाविक आजही तेच देतात. मग बाहेरच्या नियमांपेक्षा आतला भाव मोठा मानणाऱ्या परंपरेचे नाव घेऊन मी एका पाटीपुढे थांबायला कसे सांगतो? एखादा म्हणेल, माझा भाव शुद्ध आहे, मी जपून चालवतो, पाटी हे कर्मकांड आहे. यावर माझे उत्तर असे की संतांनी मोडले ते नियम कोणते होते ते पाहावे. एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे बसवणारे, एकाला गाभाऱ्यात आणि दुसऱ्याला पायरीशी ठेवणारे ते नियम होते. थांबण्याची पाटी याच्या अगदी उलट काम करते. ती जात विचारत नाही, गाडीची किंमत विचारत नाही. मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरवले गेले ते याच तत्त्वाने. पाटीपुढे आमदाराची गाडी आणि शेतमजुराची लुना एकाच रेषेवर उभ्या राहतात. ज्या नियमाने माणसे समान होतात तो मोडणे यात बंड नाही. तिथे जो बळाने मोठा आहे तो पुढे घुसतो आणि लहान मागे राहतो, म्हणजे देवळातलाच जुना नियम रस्त्यावर परत येतो. राहिला शुद्ध भाव. काचेच्या खांबाआड काय आहे ते शुद्ध भावाला दिसत नाही.

आपल्या लोकांना शिस्त नाही, त्यांना फक्त दांडका कळतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हे मला मान्य नाही आणि पुरावा महादेवाच्या देवळातच आहे. शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नसते. गोमुखापर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परतायचे. तिथे पहारेकरी नसतो, दंड नसतो, बहुतेक देवळांत पाटीसुद्धा नसते. दगडात कोरलेली वीतभर रुंदीची पन्हळ असते, लहान मुलानेही सहज उडी मारून ओलांडावी एवढी. आणि अंगण मोकळे असताना, कोणी पाहत नसताना, म्हातारी बाई तिथवर येते, क्षणभर उभी राहते, हात जोडते आणि वळते. औंढ्याला तर गाभारा जमिनीखाली आहे. उतरायची वाट एवढी अरुंद आणि बुटकी की वर येणाऱ्याला वाट दिल्याशिवाय खाली उतरताच येत नाही, आणि लोक ती देतात. आळंदीहून निघणाऱ्या वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ आणि शेकडो मृदंग एका क्षणात गप्प होतात. ज्या समाजाला एवढे थांबता येते त्याला थांबता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. फरक एवढाच की देवळाचे अंगण कोणाचे तरी आहे असे आपण मानतो आणि रस्ता कोणाचाच नाही असे मानतो.

सिद्धेश्वरच्या लाभक्षेत्रात याचे दुसरे उदाहरण रोज दिसते. कालव्याला आवर्तन सुटले की शेजपाळीप्रमाणे पाणी घ्यायचे असते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची पाळी संपली की त्याने चारीचे दार बंद करायचे, कारण टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, कित्येक किलोमीटरवर, त्याला कधीही न दिसणारा एक शेतकरी वाट पाहत असतो. जिथे दार वेळेवर बंद होते तिथे टेलचा गहू उभा राहतो, जिथे होत नाही तिथे टेलला कोरडी चारी मिळते. न दिसणाऱ्या माणसासाठी हात आवरायचा असतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. हे पाळणारेही गावात असतात आणि मोडणारेही, आणि मोडणाऱ्याला गाव काय म्हणते ते सगळ्यांना माहीत असते. फाट्यावर न थांबणाऱ्याला मात्र गाव काहीच म्हणत नाही.

आता सायकलचा मुद्दा. सायकलवाल्यालाही जीपवाल्याइतकेच बंधन असावे का? मला तसे वाटत नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आहेत. पाठीला दप्तर लावून चढ चढणाऱ्या मुलीला प्रत्येक फाट्यावर पूर्ण थांबून पुन्हा पायडल मारायला किती जोर लागतो ते सायकल चालवणाऱ्याला विचारावे. तिच्या डोळ्यांपुढे खांब नसतो, तिला इंजिनचा आवाज ऐकू येतो, आणि तिची चूक झाली तर पहिला घाव तिच्यावरच पडतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ सालीच सायकलस्वारांना अशी मुभा दिली की थांबण्याच्या पाटीशी वेग कमी करावा, वाट द्यावी, रस्ता मोकळा असेल तर न थांबता जावे. हे मला न्यायाचे वाटते. आपले कलम १८४ देखील मोटार वाहनापुरतेच आहे. ज्याच्या हातात जास्त वजन आणि जास्त वेग आहे त्याच्यावर जास्त बंधन, हे तत्त्व धरले तर उसाने लादलेली जोडट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर सर्वांत आधी थांबला पाहिजे आणि सायकल सर्वांत शेवटी. पण पाहणे कोणालाच सुटत नाही. सायकलनेही चालण्याच्या वेगावर यावे, आणि गावरस्ता सोडून मोठ्या रस्त्यावर चढताना तर पाय टेकवावाच, कारण तिला चुकवायला वळलेला मोटारसायकलवाला पडू शकतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. मी एकटा थांबलो तर मागचा येऊन धडकेल. शिवाय कित्येक फाट्यांवर पाटी नाही, असेल तिथे बाभळीच्या फांद्यांआड गेलेली, आणि पांढरी रेषा कधीच पुसलेली. हे खरे आहे, आणि पाटी लावणे, फांद्या छाटणे, रेषा आखणे हे रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचे कर्तव्य आहे. ते न करता चालकाला दोष देणे बरोबर नाही. तरीही फाटकाची गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ ने बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकावर चालकाने गाडी थांबवावी, बरोबरच्या माणसाने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मगच गाडी पार करवावी, बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे सांगितले. कायद्याने माणसाच्या विवेकावर एवढा विश्वास टाकला होता. तो विश्वास आपण पाळला नाही, माणसे जात राहिली, आणि ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद करावी लागली किंवा तिथे पहारा, भुयारी मार्ग आणावा लागला. चांगले झाले, जीव वाचले. पण शेतातून निघणाऱ्या प्रत्येक पांदीच्या तोंडाशी फाटक बांधता येणार नाही, आणि बंद फाटकाखालून मोटारसायकल वाकवून नेणारे लोक आजही दिसतात. मागच्याच्या धडकेबद्दल म्हणाल तर उपाय सोपा आहे: पन्नास पावलांवरून वेग उतरवत आणा, ब्रेकचा दिवा त्याला आधी दिसू द्या. त्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

सिद्धेश्वर, औंढा, जवळा बाजार, वसमत या टापूत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गोमुखाशी जसे पाऊल थांबते तसे मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी चाक थांबवा. दुचाकी असेल तर पाय जमिनीला टेकवा. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा एकदा उजवीकडे बघा आणि मग निघा.